जमिनीखाली काम करणाऱ्या टेरियरच्या गळ्यातील लोकेटर पट्टा सुरक्षितपणे कसा बसवावा?

रानवाट (धागाकर्ती)

नमस्कार. बिळात उतरून काम करणाऱ्या टेरियरच्या गळ्यात लोकेटर पट्टा (संदेश पाठवणारी ट्रान्समीटरची डबी असलेला, वरच्या माणसाला हातातील रिसीव्हरवर कुत्र्याची जागा दाखवणारा पट्टा) कसा बसवावा, याविषयी अनुभवी सभासदांचे मार्गदर्शन हवे आहे. माझी बॉर्डर टेरियर कुत्री आता दोन वर्षांची असून इंग्लंडमधील एका शेतजमिनीवर, पाळीव फेझंट पक्ष्यांची राखण करणाऱ्या गेमकीपरच्या विनंतीवरून, त्या पक्ष्यांवर हल्ला करणाऱ्या जनावरांना बिळातून हुसकण्यासाठी या हंगामात ती प्रथमच जमिनीखाली जाणार आहे. तिची अंगकाठी या कामाला साजेशी आहे. खांद्यांमागे दोन्ही हातांच्या वेढ्यात तिची छाती सहज मावते. मान मात्र चांगली भरलेली आहे आणि डोके मानेपेक्षा फारसे रुंद नाही, त्यामुळे पट्टा थोडा जरी सैल राहिला तरी कानांवरून पुढे निसटतो.

आतापर्यंत मिळालेले सल्ले एकमेकांच्या विरोधात जातात. घरच्या कुत्र्याप्रमाणे दोन बोटे आत जातील एवढी जागा ठेवावी, असे एक जण सांगतो. दुसरा म्हणतो की बिळात सैल पट्टा म्हणजे फास. ओढ बसताच आपोआप सुटणारे बकल लावावे की नाही, ट्रान्समीटरची डबी मानेवर असावी की गळ्याखाली, बकलावर चिकटपट्टी गुंडाळावी की नाही, हे प्रश्नही तसेच आहेत. कोणत्या कंपनीचे उपकरण घ्यावे, ही चर्चा येथे नको. हातात असलेला पट्टा तिच्या जिवाला धोका न होता कसा बांधावा, एवढेच समजून घ्यायचे आहे.

जुनी_कुदळ

रानवाटताई, प्रश्न योग्य वेळी विचारलात. पट्टा बांधण्याचा सराव घरी, दिवसाउजेडी आणि कुत्री शांत असताना व्हायला हवा; बिळाच्या तोंडाशी ती उतावीळ होऊन थरथरत असते, तेव्हा कोणालाही नीट बांधता येत नाही.

बोटांचे माप हे फक्त सुरुवातीचे माप आहे. एक बोट आडवे, फारसा जोर न लावता पट्ट्याखालून सरकले पाहिजे आणि दुसरे बोट शिरू नये, इथपासून प्रारंभ करावा. पण कोणाची बोटे जाड असतात, कोणाची बारीक. शिवाय केसाळ मानेवर बोट केसांत जाते की पट्ट्याखाली, हेही कळत नाही. म्हणून खरी पारख कुत्रीच्या शरीराच्या ठेवणीवरून करावी लागते. उभ्या कुत्रीच्या मानेवर घट्ट वाटणारा पट्टा, ती डोके खाली घालून मान पुढे ताणते तेव्हा सैल होतो, आणि बिळात ती सर्व वेळ त्याच अवस्थेत असते. खाऊचा तुकडा जमिनीलगत तिच्या नाकापुढे धरा, तिला मान लांबवू द्या आणि त्याच क्षणी पट्टा मागून कानांच्या दिशेने ओढून पाहा. एखादे मूळ ओढेल तसे, हळू पण नेटाने. डोक्याच्या मागच्या उंचवट्यावरून पट्टा पुढे गेला, तर तो पट्टा जमिनीखाली न्यायचा नाही. त्यानंतर गळ्याखालच्या भागात पट्टा किती लोंबतो ते पाहा. हनुवटी छातीकडे वळवल्यावर तिचा खालचा जबडा पट्ट्यात अडकू शकतो का, आणि पुढचा पंजा त्यात शिरू शकतो का, या दोन गोष्टी तपासाव्यात. जबडा पट्ट्यात अडकलेला कुत्रा बिळात ना नीट श्वास घेऊ शकतो ना स्वतःचा बचाव करू शकतो. माझ्या मते सैल पट्ट्याचा सर्वांत भीषण परिणाम हाच आहे.

जागेचेही महत्त्व तितकेच आहे. पट्टा मानेच्या वरच्या, अरुंद भागात, कानांच्या लगेच मागे आणि जबड्याच्या कोपऱ्याखाली बसवा. बरेच लोक तो खांद्यांजवळच्या रुंद भागावर बांधतात आणि तिथे तो घट्ट लागला म्हणून समाधान मानतात. पुढे काम सुरू झाले की तो सरकत अरुंद भागाकडे येतो आणि मग गळ्याभोवती फिरू लागतो.

आणखी एक. बकल लावताना बहुतेक कुत्रे मान फुगवून धरतात. बांधल्यानंतर काही मिनिटे तिला फिरवून आणा, मग सर्व तपासण्या पुन्हा करा. भोकांमधील अंतर फार असेल तर एका भोकावर पट्टा सैल आणि पुढच्यावर आवळ होतो. अशा वेळी मधे नवे भोक पाडून घ्यावे. आवळ पट्ट्याशी किंवा सैल पट्ट्याशी तडजोड करू नये.

माळरान

जुनी_कुदळ यांचे म्हणणे मान्य आहे, परंतु आपोआप सुटणाऱ्या बकलाचा विचार त्यांनी केलेला नाही. मांजरांसाठी असे पट्टे सर्रास वापरले जातात, कारण फांदीत अडकलेले मांजर त्यामुळे वाचते. बिळातील मुळे, दगडांच्या कपारी आणि जुन्या तारा फांदीपेक्षा कमी धोकादायक नाहीत. हजारो रुपयांचे उपकरण गेले तरी चालेल, कुत्रा वाचला पाहिजे, अशी माझी भूमिका आहे. ती चुकीची असेल तर का चुकीची, हे कृपया स्पष्ट करावे.

जुनी_कुदळ

माळरान, तुमची कळकळ योग्य आहे. पैशाचा प्रश्न माझ्याही मनात नाही. पण मांजराच्या पट्ट्याचे काम मालकाचे नाव वाहण्याचे असते, आणि तो गळून पडला तरी मांजर स्वतःच्या पायांनी घरी येते. जमिनीखालच्या टेरियरला बाहेर काढण्याचा एकमेव भरवशाचा आधार तो पट्टाच असतो. तो गळ्यातून सुटला तरी संदेश पाठवत राहतो, आणि वर उभ्या असलेल्या माणसाला रिसीव्हरवर स्पष्ट, स्थिर आवाज ऐकू येतो. माणसे त्या जागी खणतात, तासाभराने रिकामा पट्टा हाती लागतो, आणि तेवढ्यात कुत्रा दुसऱ्या फाट्यात कुठे गेला याचा काहीही माग राहत नाही. पट्टाच नसता तर आपण निदान जमिनीला कान लावून, भुंकण्याचा आणि उकरण्याचा आवाज ऐकत शोध घेतला असता. निसटलेला पट्टा आपल्याला खात्रीने चुकीच्या जागी खणायला लावतो.

शिवाय सुटणारे बकल किती ओढीला सुटावे, हे ठरवणार कसे? बिळात टेरियर स्वतःच्या अंगाच्या बळाने दगडमाती रेटत पुढे जातो. त्या नेहमीच्या रेट्याला न सुटणारे बकल खरोखर अडकल्यावर सुटेलच असे नाही, आणि खरोखर अडकल्यावर सुटणारे बकल नेहमीच्या रेट्यालाही सुटेल. म्हणून पट्टा अडकूच नये अशी व्यवस्था करणे मला अधिक विश्वासार्ह वाटते. पट्ट्याला डी आकाराची कडी नको, नावाची पाटी नको, लोंबते टोक नको. नेहमीचा पट्टा, हार्नेस, दोरी हे सर्व बिळापाशी काढून ठेवायचे; अंगावर लोकेटर पट्ट्याखेरीज दुसरे काहीही राहता कामा नये. दोन पट्टे एकावर एक असतील तर त्यांच्यामधील फटीतच मुळी शिरते.

चुंबकसूची

मी कुत्रे पाळत नाही. भूमिगत शोधयंत्रांच्या तंत्राशी माझा संबंध आहे. पट्ट्याची बसवणी आणि संदेशाची अचूकता यांचा जवळचा संबंध आहे आणि तो इथे अजून आलेला नाही, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो.

प्रथम एक गैरसमज दूर करतो. जीपीएसचा पट्टा जमिनीखाली उपयोगाचा नाही. उपग्रहांचा संदेश १५७५ मेगाहर्ट्झच्या आसपासचा आणि अतिशय क्षीण असतो. ओल्या मातीचा थोडा थरही तो अडवतो. बिळासाठीचे लोकेटर कमी वारंवारतेच्या चुंबकीय क्षेत्रावर चालतात. हिमस्खलनात गाडल्या गेलेल्या गिर्यारोहकांना शोधणारी उपकरणे ४५७ किलोहर्ट्झवर चालतात. तत्त्व तेच आहे. असे क्षेत्र माती सहज पार करते, पण अंतराच्या घनाच्या प्रमाणात घटते. अंतर दुप्पट झाले की क्षेत्राची तीव्रता एक अष्टमांश उरते. म्हणूनच हे उपकरण काही मीटरांपुरतेच असते, आणि म्हणूनच जवळ आल्यावर ते इतके नेमके जागा दाखवते.

आता बसवणीचा मुद्दा. ट्रान्समीटरच्या डबीत बहुधा फेराइटच्या (लोहयुक्त चुंबकीय पदार्थाच्या) कांडीवर तारेचे वेढे असतात. ही कांडी पट्ट्याच्या लांबीला समांतर आहे असे समजा. डबी गळ्याखाली असेल तर कांडी जमिनीशी समांतर, आडवी राहते. सैल पट्टा फिरून डबी मानेच्या बाजूला आली की तीच कांडी उभी होते. कुत्रा जागचा हलला नसला तरी वरच्या माणसाला दिसणारे चित्र पूर्ण बदलते. आडव्या कांडीच्या थेट वर, रिसीव्हरची कांडी तिला समांतर आडवी धरली तर संदेश सर्वांत तीव्र मिळतो, आणि उभी धरली तर त्याच जागी तो जवळजवळ नाहीसा होऊन दोन्ही बाजूंना दोन शिखरे दिसतात. ट्रान्समीटरची कांडी उभी झाली की हे सारे उलटते. त्यामुळे रिसीव्हर एकाच पद्धतीने धरण्याची सवय असलेला माणूस शिखराच्या जागी खणतो आणि कुत्रा हातभर बाजूला असतो.

खोलीच्या आकड्याबाबतही हेच घडते. समान अंतरावर, कांडीच्या अक्षाच्या दिशेने मिळणारे क्षेत्र तिच्या बाजूने मिळणाऱ्या क्षेत्राच्या दुप्पट असते. उपकरण एका स्थितीसाठी प्रमाणित केलेले असेल आणि डबी दुसऱ्या स्थितीत असेल, तर घनाच्या नियमानुसार खोलीत साधारण चतुर्थांशाची चूक येऊ शकते. प्रत्यक्षात १.२ मीटरवर असलेला कुत्रा १.५ मीटरवर दाखवला गेला, तर खणणाऱ्याचे फावडे त्याच्या अपेक्षेपेक्षा ३० सेंटीमीटर आधी कुत्र्यापर्यंत पोचते. यावर उपाय असा: रिसीव्हर प्रत्येक जागी दोन्ही दिशांनी फिरवून पाहावा, एकमेकींना काटकोनात जाणाऱ्या दोन रेषांवर चालून जागा नक्की करावी, आकडा लिहून ठेवावा आणि थोडे खणल्यावर पुन्हा मोजावे. मोजताना फावडे, पहार आणि मोबाइल फोन दूर ठेवावेत. विद्युत कुंपण जवळ असल्यास ते जमीनमालकाला सांगून बंद करून घ्यावे.

पट्टा गळ्यात घट्ट बसून न फिरणे हे कुत्रीच्या सोयीसाठी जितके आवश्यक आहे, तितकेच वरच्या माणसाच्या मोजणीसाठीही आहे.

रानवाट

चुंबकसूची, मनःपूर्वक आभार. पट्टा फिरल्यामुळे खोलीचा आकडा बदलतो, हे मला कोणीही सांगितले नव्हते. यावरून डबीच्या जागेचा प्रश्न पुन्हा विचारते. मानेवर डबी असल्यास श्वासनलिकेवर दाब येत नाही, असे मला सांगण्यात आले होते. गळ्याखाली ठेवल्यास तो धोका खरोखर आहे का?

एक_पशुवैद्यक

रानवाट, या प्रश्नाचे उत्तर पट्टा किती घट्ट आहे यावर अवलंबून आहे. कुत्र्याच्या गळ्याच्या पुढच्या भागात, त्वचेखाली फारसे संरक्षण नसताना, स्वरयंत्र आणि श्वासनलिका असतात. दोन्ही बाजूंना मोठ्या शिरा असतात. पट्टा जास्त आवळला तर श्वास कोंडण्याच्या कितीतरी आधी डोक्याकडून परतणाऱ्या रक्ताला अडथळा होतो. डोळ्यांचा पांढरा भाग लालसर दिसणे, जीभ गडद होणे, विश्रांतीतही घरघर येणे, सारखे खाकरणे ही लक्षणे दिसली तर पट्टा तत्काळ सैल करावा. दमलेल्या आणि भुंकणाऱ्या कुत्र्याची मान शांत स्थितीपेक्षा जाड होते, त्यामुळे घरी जेमतेम बसणारा पट्टा कामात आवळ ठरू शकतो.

तरीही मी डबी गळ्याखाली ठेवण्याच्याच बाजूने आहे. ती जड असल्यामुळे वर बांधली तरी चालताना खाली येण्याकडेच तिचा कल असतो, आणि बिळाच्या छतावर घासून आपटण्यापेक्षा जबडा व छातीच्या मधल्या पोकळीत ती अधिक सुरक्षित राहते. मात्र डबीची आतली बाजू गुळगुळीत आणि किंचित वक्र असावी. कडा टोचत असेल तर मऊ चामड्याची पट्टी आतून शिवून घ्यावी. स्पंज किंवा कापड लावू नये, कारण ते पाणी धरून ठेवते.

काम संपताच पट्टा काढावा. ओला, मातीने भरलेला पट्टा दिवसभर गळ्यात राहिला तर त्याखालची त्वचा ओलसर राहून सोलवटते आणि तिथे जिवाणूंचा संसर्ग होतो. घरी आल्यावर मान कोमट पाण्याने धुऊन, केस बोटांनी उलटे फिरवून, संपूर्ण वर्तुळ प्रकाशात पाहावे. केस तुटलेला गोलाकार पट्टा दिसू लागला तर ते घर्षणाचे पहिले चिन्ह असते. जखम भरेपर्यंत कुत्रीला पुन्हा जमिनीखाली पाठवू नये, मग हंगाम कितीही भरात असो.

कायद्याची_पाने

विषयाला लागून असलेली एक बाब नोंदवतो. इंग्लंड आणि वेल्समध्ये १८ फेब्रुवारी २००५ पासून लागू झालेल्या हंटिंग ॲक्ट २००४ नुसार, शिकारीसाठी पाळलेल्या पक्ष्यांच्या रक्षणासाठी जमिनीखाली कुत्रा वापरण्याची सूट फार मर्यादित आहे. एका वेळी एकच कुत्रा खाली असावा, जमिनीच्या मालकाची किंवा ताबेदाराची लेखी परवानगी जवळ असावी, मान्यताप्राप्त आचारसंहिता पाळली जावी, आणि कुत्र्याला इजा होऊ नये यासाठी वाजवी उपाय केलेले असावेत. चुकीच्या पद्धतीने बांधलेला पट्टा हा माझ्या वाचनाप्रमाणे शेवटच्या अटीशी थेट निगडित आहे. बिज्जूच्या (बॅजरच्या) बिळात कुत्रा जाऊ देणे हा प्रोटेक्शन ऑफ बॅजर्स ॲक्ट १९९२ खाली गुन्हा आहे, त्यामुळे बीळ कोणाचे आहे याची खात्री पट्टा बांधण्याच्याही आधी करावी.

आणखी एक प्रश्न लोक नेहमी विचारतात. कंट्रोल ऑफ डॉग्ज ऑर्डर १९९२ नुसार सार्वजनिक ठिकाणी कुत्र्याच्या गळ्यात मालकाचे नाव व पत्ता असलेला पट्टा लागतो. उपद्रवी प्राण्यांच्या बंदोबस्तासाठी प्रत्यक्ष वापरात असलेला कुत्रा या नियमातून वगळलेला आहे. म्हणून बिळापाशी नावाचा पट्टा काढून ठेवण्यात अडचण नाही. रस्त्यावर परतताना मात्र तो पुन्हा चढवायला विसरू नये.

रानवाट

सर्वांचे आभार. आता दोन बारीक प्रश्न उरले आहेत. माझ्याकडील पट्टा चामड्याचा आहे, तो बदलावा का? आणि बकलावर चिकटपट्टी गुंडाळण्याविषयी तुमचे मत काय?

जुनी_कुदळ

चामडे भिजले की ताणले जाते आणि वाळले की आक्रसून कडक होते. म्हणजे सकाळी नीट बसलेला पट्टा दुपारी ओल्या बिळात एक भोक सैल झालेला असतो. चामडेच वापरायचे असेल तर ते आधी भिजवून, ताणून, तेल लावून मुरवलेले असावे आणि प्रत्येक वेळी कुत्री बाहेर आली की माप पुन्हा घ्यावे. नायलॉनचा, प्लास्टिकचा थर दिलेला पट्टा पाणी पीत नाही आणि घाणही धरत नाही. नवीन घेताना मी तोच घेईन. रुंदी साधारण २ सेंटीमीटर पुरे. बकल धातूचे, काटा असलेले घ्यावे. बाजूने दाबून उघडणाऱ्या प्लास्टिकच्या बकलात वाळू शिरली की ते लागल्यासारखे दिसते, पण पूर्ण लागलेले नसते.

चिकटपट्टी अवश्य लावावी. विजेच्या कामाची काळी इन्सुलेशन टेप उत्तम. पट्ट्याचे शिल्लक टोक बकलामागे सपाट दुमडून त्यावर दोन-तीन वेढे द्यावेत, म्हणजे मुळी शिरायला फट राहत नाही. टेप पट्ट्याभोवतीच गुंडाळायची. कातडीभोवती किंवा केसांना चिकटून ती गेली तर पट्टा काढताना कुत्रीला वेदना होतात आणि पुढच्या वेळी ती गळ्याला हात लावू देत नाही. टेपचे शेवटचे टोक थोडे दुमडून ठेवा, थंडीत बधिर झालेल्या बोटांनाही ते धरता येते. खिशात बोथट टोकाची कात्री कायम असावी.

चुंबकसूची

टेपचा विषय निघालाच आहे, तर सेलच्या झाकणाचेही लिहितो. झाकणाच्या आट्यांत वाळू अडकली की आतले रबरी वायसर नीट दाबले जात नाही आणि पाणी शिरते. प्रत्येक वेळी आटे कोरड्या ब्रशने साफ करावेत, वायसरला सिलिकॉनचे ग्रीस अगदी थोडे लावावे आणि झाकणावर टेपचा एक वेढा द्यावा. सेल कामाच्या दिवशी नवीन घालावा. थंडीत सेलची क्षमता घटते, त्यामुळे घरात चाचणी नीट झाली म्हणून शेतात तो तसाच चालेल असे धरू नये. पट्टा कुत्रीच्या गळ्यात बांधून झाल्यावर, ती खाली जाण्यापूर्वी, ठरावीक अंतरावरून रिसीव्हरवर संदेश ऐकावा. टेबलावर घेतलेली चाचणी पुरेशी नाही. हंगाम संपला की सेल काढून पट्टा वेगळा ठेवावा, नाहीतर गळलेला सेल आतील पत्रे खाऊन टाकतो.

माळरान

जुनी_कुदळ यांच्या उत्तरानंतर माझे मत जमिनीखालच्या कामापुरते बदलले आहे. गंजीत किंवा कोठारात उंदीर मारणाऱ्या टेरियरसाठी मात्र मी अजूनही सुटणारे बकलच वापरेन, कारण तिथे कुत्रा डोळ्यांसमोर असतो आणि लोकेटरची गरजच नसते. एक शंका राहते. संदेश बराच वेळ एकाच जागेवरून येत असेल, तर कुत्रा जनावरासमोर ठाण मांडून भुंकतो आहे, अडकला आहे की पट्टा निसटला आहे, हे वरून कसे ओळखावे?

जुनी_कुदळ

रिसीव्हर एकटा हे सांगू शकत नाही; कान आणि हात वापरावे लागतात. त्या जागी जमिनीवर पालथे पडून, आजूबाजूच्या माणसांना शांत करून ऐका. सलग भुंकणे ऐकू आले तर कुत्रा कामात आहे. भुंकणे थांबून उकरण्याचा किंवा धापा टाकण्याचा आवाज येत असेल तर तो अडकला आहे असे समजून लगेच खणायला लागा. काहीच आवाज नसेल तेव्हा रिसीव्हर दोन्ही दिशांनी धरून संदेशाची तीव्रता बारकाईने पाहा. गळ्यातला पट्टा श्वासाबरोबर आणि मानेच्या हालचालीबरोबर थोडा तरी हलतो, त्यामुळे आवाज किंचित कमीजास्त होत राहतो. अगदी एकसारखा, न हलणारा संदेश बराच वेळ मिळाला तर मी दोन्ही वाईट शक्यता खऱ्या धरतो. एका माणसाला त्या जागी खणायला लावतो आणि दुसऱ्याला बिळाच्या प्रत्येक तोंडाशी कान लावून फिरायला सांगतो. कुत्रा निपचित पडला असेल तरी संदेश असाच स्थिर येतो, म्हणून पट्टा निसटला असावा अशा समजुतीने खणणे कधीही थांबवू नये.

खणताना खड्डा थेट कुत्र्याच्या डोक्यावर न घेता थोडा बाजूने घ्या, कारण एक घनमीटर ओली माती दीड टनाच्या आसपास भरते आणि तिचे लहानसे ढेकूळही बिळाचे छत खाली आणते. चुंबकसूची यांनी सांगितलेली चतुर्थांशाची चूक लक्षात ठेवून, आकड्याच्या पाऊण भागापर्यंत पोचलात की फावडे बाजूला ठेवा आणि उरलेली माती हातांनी काढा. कुत्री दिसली की प्रथम तिच्या नाकातोंडासमोरची माती दूर करा, पट्ट्याखाली बोट घालून तो कशात अडकला आहे का ते चाचपून पाहा, आणि अडकला असेल तर ओढाताण न करता तिथेच कात्रीने कापा.